पाठ न टेकता

रविवार, सकाळी नऊ. दसरा चौकातला हॉल.
फिल्म सोसायटीची बावीस माणसं,
त्यांत एक वस्ताद हिंदुराव इंगवले,
ज्यांना वाटलं होतं, आत कुस्तीची फिल्म आहे.

पत्र्याचे तीन डबे, वर फ्रेंच लेबलं,
खाली खडूनं : पुणे–कोल्हापूर, जपून.
स्टँडवरून सायकलला बांधून मीच आणलेले.
मशीनवर आमचे बाबा, दस्तगीर मुजावर,
ओठांत न पेटवलेली विडी.

वणकुद्रे सरांनी आधी भाषण केलं :
सिनेमा बोलायला शिकायच्या आधी
पॅरिसात हसायला शिकला,
उंच टोपीतले सभ्य गृहस्थ तिथं
अख्ख्या जगासाठी घसरून पडत होते,
मग युद्ध आलं, हसवणारे खंदकात गेले,
जे परतले, ते पडण्याआधी खाली बघू लागले...
मागून कुणीतरी : सर, चहा कधी?

पडद्यावर एक नवरदेव. लग्नाला उशीर झालेला,
तरी भेटेल त्याला टोपी काढून नमस्कार,
पोलिसाला, पाद्र्याला, घरमालकाला,
घोड्याला,
दिव्याच्या खांबाला.
बोलणं सगळं फ्रेंच, खाली एक अक्षर नाही,
कपिलतीर्थ मार्केटात मेथीच्या पेंडीवरून जुंपावी तसं.
बावीस माणसं अदबीनं गप्प.

खांबानं नमस्कार घेतला नाही.
नवरदेव रागानं मागं सरला,
आणि मागं जिना.
तेव्हा अंधारातून वस्ताद :
"आयला! पाठ टेकू दिली न्हाई गड्यानं!
हनुवटी बघा, छातीला!
ह्यो तालमीत घुमलाय. ह्याचा वस्ताद कोन?"

आणि हसले. हौद्यातली माती उधळावी तसे.
मग सर, मग पोस्टातल्या देशिंगेबाई, मग सगळेच.
घरमालक पडला तेव्हा शिट्टी.
पोलीस पडला तेव्हा जरा दबकत,
कारण पुढच्या रांगेत साध्या कपड्यांत फौजदार;
पण त्यांचेही खांदे हलत होते.

दुसऱ्या डब्यात फिल्म अडकली.
नवरदेव हवेत, टोपी त्याच्याही वर,
मधोमध एक तपकिरी डाग फुलत गेला.
बाबांनी जळलेलं कापलं, जोडलं,
"माफ करा" म्हणाले,
आम्हाला की त्याला, कळलं नाही.

वस्ताद शेवटापर्यंत थांबले नाहीत, पोरं खोळंबली होती.
खिडकीतून मी पाहिलं :
चौकातल्या खांबापुढं उभे राहिले,
इकडंतिकडं बघितलं,
डोक्यावरची टोपी काढली.

कापलेला तुकडा अजून माझ्याकडं आहे, कंपासपेटीत.
कधीतरी ट्यूबलाइटसमोर धरतो.
चार चौकटी, कडेला करपलेल्या.
चौथीतही तो पडलेला नाही.