लेंटचा अकरावा दिवस

चहा सोडलाय. ते सोपं गेलं.
पाळकसाहेब म्हणाले, घोरपडे सिस्टर,
यंदा मागणंही सोडून बघा.
नुसतं ऐका.

पहाटेचे पाच. मिरज, मिशन कंपाउंडातली खोली.
गुडघे टेकवत नाहीत आता,
खाटेच्या कडेला बसते.
डोळे मिटले की यादी सुरू:
सुहासची नोकरी, माझी साखर,
एलिशाच्या पोरीचं जमू दे,
गळका नळ.
नळासाठीसुद्धा प्रभूला साकडं!
तोंड मिटून घेतलं तरी
आत बोलणं चालूच.

चौतीस वर्षं, वॉर्ड नंबर चार.
दंडाला पट्टा बांधून फुगा दाबत
मीच म्हणायचे, बोलू नका हो, ऐकू येत नाही.
तरी बोलायचे. बेडगचे, आरगचे, घाबरलेले.

हवा भरली की सगळं गप्प.
मग सावकाश सोडत जायची,
पारा खाली यायचा
आणि कुठल्याशा रेघेवर
पहिला ठोका.

सोडतेय.
सुहास. साखर.
पोरगी जरा अडते, तीही.

अजून काही ऐकू आलेलं नाही.
कानांत नळ्या घालून बसावं
तशी बसलेय.
बाहेर नळ ठिबकतो.
मोजत नाही.