व्हिजिटवर आलेले

वादी कबीरच्या दवाखान्यात सिदराच्या हातावर
नर्सने निळ्या पेनने बारा रेघा ओढल्या.
रेघेशेजारी थेंब, थेंबातून सुई.
पंधरा मिनिटं खाजवायचं नाही.
पाच वर्षांच्या पोरीला पंधरा मिनिटं म्हणजे किती,
भिंतीवरच्या घड्याळात दाखवत राहिलो.

चौथा थेंब फुगला. सातवा त्याहून.
चौथा म्हणजे गादीतल्या धुळीतले किडे.
सातवा म्हणजे ते झाड,
गाफ बहरी, रस्त्याकडेचं, काटेरी,
कधीकाळी बाहेरून आणून लावलेलं,
वाळू धरून ठेव, सावली दे म्हणून.
आता कुठेही उगवतं,
आणि त्याचे पराग उडाले की अर्धी रुवी शिंकते.
डॉक्टर शिबू म्हणाले, झाडाचा काय दोष,
त्याला बोलावलं होतं.

मी एसीचे डक्ट साफ करतो.
लोकांच्या छतांतली वर्षानुवर्षांची राखाडी लोकर
ब्रशने ओढून पिशवीत भरतो.
घरी येताना जिन्यातच शर्ट काढतो,
बनियनवर दार वाजवतो.
तरी रात्री तिच्या कोपराच्या खाचेत रक्ताची रेघ,
सकाळी उशीवर कोंडा.
नाझनीन तिच्या हातांना पायमोजे घालून झोपवते.
मध्यरात्री पोरगी ते दातांनी काढते.

मग ही पुडी. दिवसाला एक, कोमट दुधात.
तीस पुड्या, साडेअकरा रियाल.
एका पुडीत शंभर कोटी जीव, खोक्यावर छापलंय.
मी म्हटलं, जवळजवळ अख्खा हिंदुस्थान एका चमच्यात.
नाझनीन हसली नाही,
ती साडेअकराला महिन्यांनी गुणत होती.

फरक पडेल का डॉक्टर?
त्यांनी खोटा धीर दिला नाही.
काही मुलांना पडतो. काहींना अजिबात नाही.
चाचण्या पुष्कळ झाल्यात, निकाल एकमेकांशी भांडतात.
आणि हे जंतू पोटात घर करून राहत नाहीत बरं का.
देताय तोवर आहेत.
बंद केलंत की थोड्या आठवड्यांत निघून जातात.

म्हणजे व्हिजिटवर, मी म्हटलं.
तेव्हा मात्र ते हसले.
त्यांचाही शिक्का दोन-दोन वर्षांचा.

मग तेवढ्यात करतात काय?
बोलतात, ते म्हणाले.
हिच्या अंगातले पहारेकरी घाबरट आहेत,
पराग दिसला तरी चोर चोर म्हणून उठतात.
हे जाऊन कदाचित कानाशी सांगतात,
अरे, हा रोजचाच आहे, जाऊ दे.
कदाचित, ते पुन्हा म्हणाले.

श्रीवर्धनहून भावजय फोनवर म्हणते,
पुड्या कसल्या घेताय, घरचं विरजण लावा.
लावलंय. ते खालच्या मजल्यावरच्या उम्म हमदने दिलं,
स्टीलच्या वाटीत, वर ताटली,
आणि माझ्या मोडक्या अरबीला पुरेल एवढंच बोलली.
आता आमच्या दह्याला तिच्या घराची आंबटाई आहे.

एकोणीस वर्षं झाली मला.
किती खोल्यांत माझ्या हातची हवा येत असेल
हे मोजत कधीकधी झोप लागत नाही.
कुणी झोपलेलं असतं त्या हवेत, छाती मोकळी,
त्याला माझं नाव ठाऊक नाही.
असण्याचं कारणही नाही.

आज तिसावी पुडी.
डावा कोपर जरा सुकलाय, उजवा तसाच लाल.
पुडीने झालं, की मलमाने,
की वारा पडलाय म्हणून, कोण सांगणार.
दुसरं खोकं आणायचं की नाही, ठरलेलं नाही.

सिदराने ग्लास रिकामा केला,
ओठावरची पांढरी मिशी पुसली,
फ्रॉक वर केला आणि पोटाकडे वाकून,
शाळेतल्या बाईंच्या आवाजात बजावलं:
जातो म्हणायचं नाही हं.
येतो म्हणायचं.