पट्टा पूर्ण ओढून बघा

प्रांजलला लाल गाडी आवडली.
चिपळूणला, जुन्या गाड्यांच्या पुढच्याच रांगेत उभी,
टायर काळे कुळकुळीत, आरशाला लिंबू-मिरची,
आणि किंमत अशी
की मी पैसे खिशातल्या खिशात दोनदा मोजले.

नाखवा सर मागून आले.
दापोलीत अठ्ठावीस वर्षं गाडी शिकवतात ते.
बॉनेटला हात लावला नाही. आधी वास घेतला,
मग ड्रायव्हरच्या बाजूचा पट्टा धरला
आणि ओढत राहिले, ओढत राहिले,
गळाची दोरी सोडावी तसा,
शेवटच्या वितीपर्यंत.

तिथे होती एक तपकिरी रेघ.
वाळलेल्या गाळाची.

"एकवीस सालचं पाणी," सर म्हणाले.
विकणारा स्वतःच्या चपलेकडे बघू लागला.
मी लाँचची इंजिनं दुरुस्त करतो,
गंज मला लांबून ओळखू येतो,
पण ही रेघ मला दिसली नसती.
तेव्हा आत कोणी होतं, की गाडी नुसतीच उभी होती?
विचारलं नाही.

मग घेतली एका दातांच्या डॉक्टरची राखाडी.
"सुक्या बोंबलाचा रंग," प्रांजल म्हणाली,
दोन दिवस तोंड फुगवून होती.
मी खाली गोणपाट टाकून आडवा झालो,
टॉर्च मारून पत्रा न् पत्रा बघितला.
दोन एअरबॅग. ब्रेक नवे. पिकअप बेताचा.
"बेताचाच हवा," तिची आई आतून म्हणाली,
ती एरवी गाड्यांबद्दल बोलत नाही.

सरांच्या गाडीला दोन ब्रेक, एक तिचा, एक त्यांचा.
जांभ्याच्या गडग्यांमधून जेमतेम एक गाडी जाते,
त्यात समोरून एसटी.
मागे जा, सर सांगायचे, मागे जाण्यात कमीपणा नाही.
वळणावरचा हॉर्न म्हणजे 'बाजूला हो' नव्हे,
'मी आहे हां', एवढंच.
उतारावर न्यूट्रल करून वाचवलेलं पेट्रोल
हाडवैद्याकडे जातं.
रात्री कोणी डोळ्यांत लाइट मारला
तर डाव्या कडेची पांढरी पट्टी बघ.
पट्टी नसेल, आपल्याकडे नसतेच,
तर थांब.

परवा लायसन्स आलं. फोटोत डोळे अर्धे मिटलेले.
काल आम्ही दोघंच, दाभोळच्या जेट्टीवर.
ओहोटी, फेरीबोटीची फळी उतरती, ओली,
बोटीवरचा पोरगा हात हलवतोय, ये, ये, अजून ये,
आणि माझा उजवा पाय
पायाखालच्या मॅटवर जीव खाऊन दाबतोय
एक ब्रेक, जो या गाडीला नाही.

तिने बघितलं. काही म्हणाली नाही.
गाडी चढली. हँडब्रेक ओढला, गियर टाकून ठेवला.
बोट धोपाव्याकडे निघाली,
गाडी जागच्या जागी, आणि खालून खाडी चाललेली.
मी खाली उतरलो, चहा घेतला, पुन्हा येऊन बसलो.

"बाबा, पट्टा."
"अगं, अजून पाण्यातच आहोत."
"पट्टा."

ओढला.
ओढत राहिलो, का कोण जाणे, शेवटच्या वितीपर्यंत.
स्वच्छ होता.
फक्त एका जागी ग्रीसचं बोट,
माझंच.