बॉबिनमधली वाळू

घणसोली, जिन्याखालचं दुकान.
जूनमध्ये गणवेश, घटस्थापनेआधी ब्लाऊज,
आणि डिसेंबर लागला की समुद्र येतो
प्लास्टिकच्या पिशव्यांतून, घडी न मोडलेला.

कोणी क्राबीला, कोणी हॅवलॉकला, कोणी नुसतंच दिवेआगरला.
मागवलेलं एक, आलेलं दुसरं, अंगाला बसतं तिसरंच.
"ताई, हे जरा खाली सोडा."
सोडायला खाली कापड असावं लागतं.
"ताई, ही बाही..."
बाही नाहीच मुळी.

कोणी विचारत नाही, तरी मी सांगते:
पांढरं नको, भिजलं की पांढरं चुगली करतं.
लिनन घ्या, पण चुरगळल्याचं वाईट वाटणार नसेल तर.
सुती बरं. सैल. बगलेत कळी टाकून देते.
आणि खिसा! बाईच्या कपड्याला खिसाच ठेवत नाहीत मेले,
खोलीची किल्ली काय दातात धरायची?

दिघ्याचे पडवळकाका चार फुलपँटी घेऊन आले,
रिटायर झालेल्या, त्यांच्यासारख्याच इस्त्रीच्या.
"गुडघ्याच्या वर कापू की खाली?"
काकांनी काकूंकडे पाहिलं,
काकूंनी पंख्याकडे.
चाळीस वर्षं ऊन न लागलेल्या पोटऱ्या,
सोललेल्या दुधीसारख्या.
"थोडं खालीच," काकू म्हणाल्या. "यंदा."

हे सासूबाईंना सांगितलं तर त्यांना ठसका लागला.
तळवलीच्या त्या. खाडीत उतरायच्या तेव्हा
लुगड्याखाली सासऱ्यांची जुनी पँट, कमरेला सुतळी,
कालवांनी कापू नये म्हणून पायांत दोन-दोन मोजे.
"चिखलाला काय दाखवाचा नि काय झाकाचा गो?"

आमच्या खाडीला वाळू नाही.
तिवरांच्या मुळांत अडकलेल्या चपला आहेत,
एकेकट्या.

समेळबाई दुपारी आल्या, दुकानात कोणी नसताना.
टॉवेलात गुंडाळलेला पोहायचा पोशाख, गडद निळा.
"डावीकडे आतून कप्पा हवा.
उथळ नको. पाण्यात निसटेल."
छातीचं माप मी नेहमी मोठ्यानं बोलत लिहिते.
त्या दिवशी नुसतं लिहिलं.
झबल्यांसाठी आणलेलं मऊ कापड लावलं,
शिवण दुहेरी, टोकं आत दाबून, टोचायला नको.
चाळीस झाले. त्यांनी पन्नास ठेवले.
मी दहा परत दिले.
एवढंच झालं बोलणं, पैशांचं.

जानेवारीत कफ्तान घेऊन आल्या,
खांद्याशी उसवलेला. नाक सोललेलं, भाजल्यासारखं.
"पाणी कसं होतं?"
"गार," त्या म्हणाल्या.
मग दारातून मागे वळून,
"आधी गार. मग नाही."

कफ्तान शिवताना मशीन करकरली.
बॉबिन केस उघडली तर वाळू,
बारीक, मिठासारखी.
दरवर्षी असंच होतं. लोकांच्या शिवणींतून
सगळ्या जगाचे किनारे माझ्या मशीनीत सांडतात,
आणि मेकॅनिक मलाच ओरडतो.

ब्रशनं झाडता झाडता मनात आलं,
उरण काय लांब आहे?
कापड पडलंय दीड मीटर, कुणाच्या तरी सुट्टीतलं उरलेलं,
मोठ्ठाली पिवळी फुलं. मला शोभणार नाहीत.
बरं, नाही शोभली.

समोरची मापं घेतली. पाठीचं राहिलं.
एकवीस वर्षं टेप गळ्यात,
आणि माझी पाठ किती रुंद, मला ठाऊक नाही.
लेकीला हाक मारली, मोबाइल ठेव, इकडे ये, टेप धर.
तिनं धरला. उलटा. मग सुलटा.
आणि मी गिऱ्हाइकांना म्हणते तेच, माझ्याच आवाजात:
"श्वास सोडा ताई.
पोट आत ओढून माप देऊ नका,
समुद्रावर किती वेळ ओढून धरणार?"