हलका दाणा

शटर ओढल्यावर इतवारीत उरते ती ॲसिडची वाफ.
तिच्यात मी कृपालीचा डबा उघडतो.
पाचशे छर्रे. निव्वळ शिसं.

दिवसभर ज्या काट्यावर लोकांचं मोडीतलं सोनं उतरलं
त्याच्यावर चिमट्यानं एकेक ठेवतो:
पाचशे तीस मिली. पाचशे तीस.
अठ्ठावीस, बाजूला.
कूलर बंद. काट्याला वारा चालत नाही,
मे असला म्हणून काय झालं.

माझा बाप गुंजांवर तोलायचा,
लाल बी, काळा डोळा.
नातीसाठी शिसं तोलावं लागेल म्हटलं असतं
तर खोकला येईस्तोवर हसला असता, बाप्पा.

घेर दबलेला छर्रा मात्र काट्याआधी
नखालाच कळतो.
एवढं अजून येतं मला.

काल मानकापूरहून फोन आला.
दहा मीटरवर सगळे दहाच्या आत बसले,
एक नऊला गेला.
"माझाच श्वास हलला, बाबा."

मी हूं म्हणालो फक्त.
परवा रात्री चिमटा धरल्या धरल्या
डोळा लागला होता माझा.
जाग आली तेव्हा बोटांत काही नव्हतं,
आणि दोन्ही ढीग
सारखेच दिसत होते.