सतरावा सांधा

तार केसाहून बारीक.
श्वास धरायचा, ठिणगी सोडायची, मग श्वास सोडायचा.
असे चोवीस सांधे मी जोडले
त्या पोलादी पट्टीच्या पाठीत, बोट-बोट अंतरावर,
ऊब कुठे किती शिरली ते सांगायला.
तेवीस वर्षं हेच काम.

बाहेर उणे सदतीस.
खिडकीच्या दोन काचांमध्ये कापूस,
बाजारात दूध मिळतं गोठवलेल्या चकत्यांचं,
पिशवीत टाकलं की खडखडतं.
आणि भिंतीपलीकडे रात्रभर कॉम्प्रेसर
टाकीत हवा ठासत असतो
आठ सेकंदांसाठी.

आठ सेकंद
तापलेली हवा पट्टीवरून जाते
आवाजाच्या अडीचपट वेगानं.
(पहिल्या खेपेला मी टेबलाखाली बसले होते.)
पट्टीच्या तोंडाशी एक फट, नखाच्या जाडीची.
तिच्यातून गार हवा सोडायची, पट्टीला समांतर,
ती धातूला बिलगून पुढे पुढे सरकते
दुधावरच्या सायीसारखी.
वर सगळा जाळ, खाली धातू,
मधे ती, जेमतेम.

इन्नोकेन्ती साव्विच म्हणायचे,
"ताईसिया, भिंत जाड करणं कुणालाही जमतं.
आपण फुंकर घालायला शिकतोय.
जोरात घातली तर साय फाटते,
हळू घातली तर पुढे पोचत नाही."
त्यांचा मग अजून फळीवर आहे.
तळाशी चहाचं तपकिरी वर्तुळ,
ते कुणी घासत नाही.

त्यांच्या जागी एर्देम आला, उलान-उदेहून,
सव्वीस वर्षांचा, कानांवर टोपी, घाई फार.
त्यानं आलेख काढला:
सोळा ठिपके शहाण्या मुलांसारखे रांगेत,
सतरावा एकदम उडालेला.
"सांधा बिघडलाय," तो म्हणाला पडद्याकडे बघत,
"वगळून टाकू."

मी काही बोलले नाही.
घरी दूध तापवलं,
साय धरली, फुंकर घातली,
आणि फुंकरीच्या वाटेत चमचा आडवा आला.
साय त्याच जागी सुरकुतली.

सकाळी पट्टी काढायला लावली.
भिंगाखाली सतरावा बघितला,
मग पुन्हा बघितला, कारण डोळ्यांचा आता भरवसा नाही.
गोल, चकचकीत, घट्ट.
एर्देमला म्हटलं, "अठराव्याकडे बघ.
तोही जरा चढा आहे. एकोणिसावा त्याहून कमी.
बिघडलेला सांधा शेजाऱ्याला लागण करत नाही."
तो पहिल्यांदा माझ्याकडे वळून बसला.

फोटो काढले होते, ते त्यानं पुन्हा मांडले.
वरच्या छतापासून खाली पट्टीपर्यंत
एक तिरकी बारीक रेघ.
आम्हा सगळ्यांना वाटलं होतं, काचेवरचा ओरखडा.
काच पुसली होती लेनानं, दोनदा.

छतात एक स्क्रू होता.
मागच्या आठवड्यात झाकण बदललं तेव्हाचा,
अर्धा मिलिमीटर बाहेर राहिलेला.
एवढ्याशा डोक्यावर वारा आपटायचा,
त्याचा धक्का तिरका खाली उतरायचा
आणि नेमका सतराव्यावर
साय उचकटायचा.

मला वाटलं, आता तो स्क्रू आवळेल.
पाना हातात घेऊन तो शिडीवर उभा राहिला,
बराच वेळ.
मग खाली उतरला.
"याला असाच ठेवला तर?
खऱ्या यंत्रात असे स्क्रू असणारच ना, कुठे ना कुठे."
इन्नोकेन्ती साव्विच असते तर हसले असते,
किंवा रागावले असते, सांगता येत नाही.

"सतराव्याच्या आजूबाजूला," तो म्हणाला,
"आणखी दहा सांधे बसतील का? दाट?"
दहा. तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरात.
मी चष्मा काढून पुसला.
बाहेर अजून उजाडलं नव्हतं, जानेवारीत कुठलं उजाडतंय.
म्हटलं, "बसतील.
तो दिवा इकडे ओढ.
आणि मी तार धरली असताना
बोलू नकोस."