बघूची खुंटी

पाकीट गोव्याहून आलं, त्यावर निळ्या शाईत खोली:
अरबी समुद्र, तळाखाली एकशे बारा मीटर.
आमच्या सांगलीत एवढं खोदलं तर काळा पाषाण लागेल,
आणखी खोदलं तर आणखी काळा.
या दगडात समुद्र कधी शिरलाच नाही.
तो असा पाकिटातून येतो, मुठीएवढा,
आणि कुरियरवाला त्याची सही घेऊन जातो.

मी तो चाळणीत धुते.
चिखल मोरीतून नाल्यात, नाल्यातून कृष्णेत,
म्हणजे अरबी समुद्राचा गाळ
माझ्या हातून पूर्वेच्या समुद्राला लागतो.
चाळणीत उरते ती रेती.
भिंगाखाली धरली की रेती नव्हेच,
घरं. घरंच घरं.
मोहरीच्या निम्मी, आत राहणारं कुणी नाही.

मला दोन जाती वेगळ्या करायच्यात.
एक ट्युमिडा, म्हणजे सुजलेली.
एक तिच्या आधीची, प्लेसिओट्युमिडा,
म्हणजे सुजलेलीच्या जवळपासची.
नाव ठेवणाऱ्यानं नावंच ठेवलीत म्हणायची.
पन्नास-पंचावन्न लाख वर्षांपूर्वी
हिची ती झाली, असं पुस्तकात आहे.
पुस्तकात दोघींच्या मध्ये एक रेघ आहे.

तीन शून्यांचा ब्रश, टोक ओठांनी ओलं करायचं
(हेर्लेकर मॅडम बघत नसताना).
उलटी केली की बेंबी दिसते,
बेंबीपासून निघालेलं तोंड, चिरेसारखं.
शेवटच्या वळशातले कप्पे मोजायचे: पाच, सहा.
वळण डावं की उजवं.
कडेची धार किती जाड,
कुशीवर घेतली तर पोट किती.
ट्युमिडा. ट्युमिडा. जवळपासची. ट्युमिडा.
मग एक अशी येते की ब्रश थांबतो.
फुगलीय, पण तेवढी नाही.
धार आईची, पोट लेकीचं,
आणि वळणावरून काही कळत नाही.

मिरजेला अब्बा भीमेकाठचे भोपळे निवडायचे.
वाळलेला भोपळा बोटानं वाजवायचा, कान लावायचा.
हा सतारीचा.
हा तंबोऱ्याचा.
शंभरात पाच-सहा असे निघत
की अब्बा गप्प होत.
"बघू," म्हणत, आणि सुतळीनं बांधून
माळ्याखालच्या शेवटच्या खुंटीला टांगत.
"जागा अडते," अम्मी म्हणायची.
"अडू दे. चुकीचा कापला तर परत शिवता येत नाही."

मॅडमना गुरुवारी आकडे हवेत. तक्त्यात दोन रकाने.
दोनशे सतरा झाल्या,
त्यातल्या एकतीस माझ्या बशीत पडून.
"वाटेल तिकडे टाक, शमशाद, आलेख काही उलटत नाही."
नाहीच उलटत.
रेघ बोटभर वर जाईल नाहीतर बोटभर खाली,
एका बोटात किती हजार वर्षं
ते मॅडमना माहीत.
तेवढ्यात मला शिंक आली
आणि एकतीसच्या तीस झाल्या.
अर्धा तास फरशीवर गुडघे टेकून, टॉर्च आडवा धरून.
सापडला साखरेचा दाणा, कुणाच्यातरी चहातला.

दोन नावांच्या मध्ये लिहायची दोन अक्षरं असतात,
सी. एफ.
लॅटिनमधली आहेत. मॅडम सांगतात, ताडून पाहा असा अर्थ.
पट्टी मिळेना, पाकिटाच्या कडेनंच
पेन्सिलीचा तिसरा रकाना आखला, वाकडा आला.
डिंक लावून तीस चौकटींत तीस चिकटवल्या,
बेंबी वर करून.
एकतिसावी चौकट नुसतीच डिंकाची.
वर लिहिलं सी. एफ.
वाचलं मात्र अब्बांच्या आवाजात.

खुंटीला अजून दोन भोपळे आहेत. दुकान आता भावाचं.
तो त्यांच्यावरची धूळ पुसतो, वाजवत नाही.
परवा मी एक खाली काढला.
बोट मारलं, कान लावला.
आत बिया खुळखुळल्या.
परत टांगला.
सुतळी तेवढी नवी बांधली.